शीट दुसऱ्या फाईलीत न्यायचंय? सेल कॉपी करत बसू नको

भावा, बेदाण्याच्या सौद्याच्या शीटमधले नुसते सेल उचलून नव्या फाईलीत पेस्ट केलेस तर कॉलमची रुंदी, प्रिंट सेटिंग सगळं मागंच राहणार. एक्सेलमधे दोन्ही फाईली उघड, खाली शीटचं नाव असतं त्या टॅबवर राईट क्लिक, मूव्ह ऑर कॉपी, टू बुकमधे दुसरी फाईल निवड आणि क्रिएट अ कॉपीवर टिक कर म्हणजे करच, ती राहिली की शीट जुन्या फाईलीतनं उठून तिकडं जातं आणि कंट्रोल झेडनं परत येत नाही.

खरी गंमत फॉर्म्युल्यात असते. समजा अडतीची टक्केवारी तू 'दर' नावाच्या शीटवरनं घेतलीयस, तर कॉपीतला फॉर्म्युला जुन्या फाईलीलाच चिकटून राहतो, चौकटी कंसात तिचं नाव दिसेल बघ. म्हणून कंट्रोल दाबून दोन्ही टॅब एकदम सिलेक्ट करून ने की, मग ती एकमेकांनाच जोडलेली राहतात. रंग बदलले तर ती नव्या फाईलीची थीम, म्हणजे तिचा ठरलेला रंगांचा संच, बिघडलं काय नाही.

आणि मार्केट यार्डातल्या पेढ्यांवर अजून एक्सएलएस, म्हणजे जुन्या एक्सेलच्या फाईली असतात, त्यात एक्सएलएसएक्सचं, म्हणजे नव्या प्रकारच्या फाईलीचं शीट घुसतच नाही, कारण तिथं रो 65,536 आणि इकडं 10,48,576. आधी ती जुनी फाईल सेव्ह अ‍ॅजनं एक्सएलएसएक्स कर, बंद करून परत उघड, मग ने.