गुणी संरक्षक मुलीला किती शिकवायचं?

प्रश्न: मुलगी १२ वर्षांची, कळंब तालुक्यात शाळेकडून खो-खो खेळते. संरक्षणात, म्हणजे पळणाऱ्या बाजूला, कुणी फारसं न शिकवताच बाद न होता दोन-सव्वादोन मिनिटं पळते. नवे सर म्हणतात, आता साखळी, गोल या पळण्याच्या पद्धती, सगळं पक्कं करून घेऊ. जास्त शिकवल्यानं खेळ बिघडतो का? आणि निवासी केंद्रात घालावं का?

उत्तर:

बिघडतो. बिघडला हे कळायला सहा महिने जातात, आणि तोवर सगळे म्हणत राहतात की पोरीचं लक्ष उडालं.

धाराशिवच्या सारिका काळे भारताच्या कर्णधार झाल्या, २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यात अभिमानच आहे. पण आता प्रत्येक शाळेला आपली सारिका हवी, तीही किशोरी गटातच. चौदाच्या आत इला पुरस्कार, अठराच्या आत जानकी पुरस्कार, मग खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातली सरकारी नोकरी. मोठ्यांचा हिशोब तयार असतो आणि लेकरू अजून सहावीत.

एका पोरीचं सांगतो, नाव-गाव नको. वय १३, तालुक्याला २ मिनिटं ४० सेकंद पळायची. साखळी हा शब्द तिला ठाऊक नव्हता, पण पाय साखळीचेच होते. शेजारशेजारच्या दोघी उलट दिशांना तोंड करून बसतात, म्हणून दर चौकानंतर (चौक म्हणजे एकीची बसायची जागा) मधली, दोन खांबांना जोडणारी पाटी ओलांडत गेलं की दरवेळी बसलेलीची पाठच लागते. जिच्या पाठीशी तुम्ही आहात ती उठली तरी पलीकडच्या बाजूला उठते. एकेरी साखळीचं सगळं मर्म एवढंच आहे, आणि ते या पोरीला शिवाशिवी नि आट्यापाट्या खेळून आलं होतं. दुसरी गोष्ट म्हणजे ती आक्रमकीचा, म्हणजे पाठलाग करणारीचा, खांदा बघायची. खो द्यायला आक्रमकीला वेग कमी करून हात खाली न्यावा लागतो, त्याआधी खांदा झुकतो. हिची नजर तिथंच. आक्रमकी बसलेलीच्या पाठीला हात पोचेल इतकी जवळ असली की ही ओलांडायची नाही, अर्धं पाऊल रेंगाळायची. ती पुढं निघून गेली की मग मागून सटकायची. एकदा दिशा घेतल्यावर खांबाची रेषा गाठेपर्यंत आक्रमकीला उलटं फिरता येत नाही, मधल्या रांगेतून पलीकडंही जाता येत नाही. पळणारीला दोन्ही करता येतं. संरक्षकाचं सगळं भांडवल या फरकात आहे.

आमच्या एका सहकाऱ्यांना हे रेंगाळणं आळस वाटलं. त्यांनी तिला मोजून पळायला लावलं: तीन चौक सरळ, वळ, तीन चौक सरळ, वळ. शिट्टीवर. दोन महिन्यांत सरावात बघत राहावं असं दिसू लागलं, पालक मोबाइलवर चित्रण करायचे. जिल्ह्याला पहिल्या डावात ५० सेकंद, दुसऱ्यात ४०. समोरच्या संघानं पहिल्याच पाळीत मोजणी ओळखली होती. तिसऱ्या आणि सहाव्या चौकात त्यांनी सगळ्यात चपळ पोरी बसवल्या. ही तीन मोजून पाटी ओलांडायची, मागची आक्रमकी तिसरीला खो द्यायची आणि ती नेमकी हिच्या बाजूला उठायची. पोरीची नजर तेव्हा खांद्यावर नव्हतीच. तोंडानं एक-दोन-तीन चाललेलं.

बाहेरून ओरडण्याचंही तसंच. "वळ, वळ" हे शब्द कानात शिरून पायापर्यंत जाईस्तोवर आक्रमकी दोन पावलं पुढं आलेली असते. तुमच्या मुलीच्या सामन्यात मैदानाकडेला कोण किती ओरडतं ते एकदा बघा. त्यात तुम्ही स्वतः असाल तर आधी तुम्ही थांबा.

मग त्या पोरीला परत कसं आणलं? पूर्ण मैदानावर नऊजणींसमोर तिला पळवणं बंद केलं. एक खांब, चार चौक, चौघी बसलेल्या, एक पाठलागावर. पळणारी एकटी. ६० ते ७५ सेकंदांची एक फेरी, मग तीन मिनिटं पूर्ण विश्रांती, अशा सहा फेऱ्या. आठाच्या वर नाही. दमलेले पाय चुकीची सवय पटकन उचलतात. फेरीत तिला कुणी एक शब्द बोलायचं नाही. बोलायचं ते बसलेल्यांशी, तेही तिला ऐकू न जाता: या फेरीत खो उशिरा द्या, पुढच्या फेरीत लागोपाठ दोन खो द्या, त्यापुढच्या फेरीत फक्त खांबाकडं रेटा. चूक पळणारीला सांगण्यापेक्षा समोरचा डाव बदलला की उत्तर तिचं ती शोधते, आणि तिनं शोधलेलं सामन्यात टिकतं. फेरी संपली की एकच प्रश्न: मागून आलेलीनं मारलं की नवी उठलेलीनं? उत्तर बरोबर आलं तर पुढं काही समजावू नका. चुकलं तर तीच फेरी पुन्हा.

खांबापाशी ती फार बाद व्हायची. आक्रमकी एका हातानं खांब धरून अंग झोकते तेव्हा तिचा पल्ला तिच्या उंचीहून जास्त होतो, हे लहान मुलींना अंदाजानं कळत नाही. तिथं भाषण दिलं नाही. खांबाभोवती अडीच मीटरवर फक्कीचा अर्धगोल मारला. आत गेलीस तर फेरी संपली, एवढाच नियम. दहा दिवसांनी फक्की पुसली, पाय तरी बाहेरूनच जात होते.

तुमच्या मुलीला आठवड्यात खो-खोचे पाच दिवस पुरे. त्यातले दोन दिवस सामना, एक दिवस लंगडी किंवा आट्यापाट्या. तंत्राची नवी गोष्ट महिन्याला एक. बाराव्या वर्षी पहिली गोष्ट थांबण्याची: वेगातून थांबताना तीन आखूड पावलं, कंबर खाली, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत, आत वळलेला नको. मुलींचा गुडघा दुखावतो तो बहुधा असं थांबतानाच. साखळी-गोलची नावं तिला पंधराव्या वर्षी कळली तरी बिघडत नाही.

तीन महिन्यांत ती पोरगी पुन्हा दोन मिनिटांच्या वर गेली. सहकारी आजही म्हणतात, माझ्या मोजणीमुळं पाया पक्का झाला म्हणून परत आली. मग मोजणी चालू असताना ४० सेकंदांवर का आली होती, याचं उत्तर ते देत नाहीत. वर म्हणतात, पोरीला शिस्त नव्हती. पाळीत पळणाऱ्या तिघी-तिघींच्या तीन तुकड्या असतात. प्रत्येक तुकडीनं पाळीचा तिसरा हिस्सा काढला की पाळी निघाली. दोन मिनिटं चाळीस सेकंद एकटीनं काढणारीला शिस्त नाही म्हणायचं असेल तर शिस्तीचं माप बदला, पोरीला नका बदलू.

हे सगळं संरक्षणापुरतं, हे आधीच सांगायला हवं होतं. आक्रमण वेगळं. तिथं नऊजणींचा मेळ लागतो. खो देण्याची वेळ, खांबावरची झेप, सूर मारून छातीवर पडणं हे शिकवावंच लागतं आणि घोटून घ्यावं लागतं. तिथं सरांना मोकळीक द्या. मोठ्या गटात तुकडीतल्या तिघींनी एकमेकींच्या वाटेत यायचं नसतं, म्हणून तेव्हा ठरवून पळावं लागतं, तेही खरं. आणि गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा दुखत असेल तर या वयात हाड वाढत असतं, त्यामुळं तसं होतं. तेव्हा वरचं सगळं बाजूला ठेवा, उड्या नि झेपा बंद करा, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. "दुखणं काढून खेळ" म्हणणारे सर असतील तर गुमान मुलीला घरी आणा.

मैदानाचंही बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, घोटा अडकतो. ओली झाली की घसरते. नुसता मुरूम टाकला तर सूर मारताना गुडघे-कोपरं सोलून निघतात. तांबडी माती चाळून वर अंथरा, रोलर फिरवा, आदल्या संध्याकाळी पाणी मारा. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या पुढं सराव नको. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात. तिथं पाय जास्त धरला जातो, थांबणं कच्चं असेल तर गुडघ्याला तिथंच झटका बसतो. मॅटवर जाण्याआधी ती आखूड पावलं पक्की करा. आणि आखणी टेपनं मोजा. चौकांतून जाणाऱ्या दोन आडव्या पाट्यांत तिच्या गटाच्या नियमाइतकं अंतर हवं, शाळांत ते पावलांनी टाकतात. अंतर कमी पडलं की खो मिळून उठलेलीचा हात लवकर पोचतो आणि मुलगी उगं मंद वाटते.

निवासी केंद्राचं विचारलंत. बाराव्या वर्षी मी घाई करणार नाही, पण घरची अडचण असेल, शाळेत मैदानच नसेल तर गोष्ट वेगळी. जायचंच ठरलं तर प्रवेशाच्या दिवशी जाऊ नका, एखाद्या साध्या वारी संध्याकाळी न सांगता जा. कडेला उभं राहून एक तास सराव बघा आणि मुली पळत असताना शिट्टी किती वेळा वाजते ते मोजा.