जुनी जीप गर्दीत तापते, पण वेगात थंड होते. रेडिएटर बदलावा का?

रेडिएटर बदलण्याची घाई करू नये. गाडी सीताबर्डीच्या सिग्नलवर तापते आणि वर्धा रोडवर वेग घेताच काटा खाली येतो, याचा अर्थ पाणी बहुधा नीट फिरत आहे, मात्र उभ्या गाडीत हवा खेचणारा पंखा कमी पडत आहे. पंख्याच्या पट्ट्याचा ताण आधी पाहावा. पंख्याला व्हिस्कस कपलिंग (तापल्यावर पंख्याला घट्ट पकडणारा, आत तेल असलेला जोड) असल्यास, तापलेले इंजिन बंद करून किल्ली काढावी आणि पाते हाताने फिरवावे. ते जड लागायला हवे. सहज गरगरत असेल आणि कपलिंगच्या तोंडाशी तेलकट धूळ चिकटलेली असेल, तर आतले सिलिकॉन तेल गळाले आहे.

याउलट चिखलदऱ्याच्या घाटात गाडी तापली असती, तर थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप) किंवा क्षारांनी तुंबलेल्या रेडिएटरवर माझा संशय गेला असता. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे भरलेल्या गाड्यांत असा थर जमतो, म्हणून कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळावे.

रेडिएटरच्या झाकणाचे रबर कडक झाले असल्यास दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळते; मात्र झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडावे. थंड असताना झाकण उघडून मग इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट (इंजिनाचे डोके आणि ब्लॉक यांमधले सील) तपासल्याशिवाय गाडी चालवू नये.