लेटरबॉक्सिंगच्या डबीत दुकानातला तयार शिक्का ठेवला तर चालतो का?

लेटरबॉक्सिंग म्हणजे रानावनात लपवलेली डबी खुणांवरून शोधायची आणि तिच्यातल्या शिक्क्याचा ठसा आपल्या वहीत उमटवायचा, असा छंद. तयार शिक्का त्यात चालतो, कुणी अडवत नाही. पण अमेरिकेत हा छंद असलेले बरेच जण हाताने कोरलेल्या शिक्क्यासाठीच रान तुडवतात. डबीतून बाजारातलं तयार फुलपाखरू निघालं की त्यांचा हिरमोड होतो. इंग्लंडात डार्टमूरला, जिथे १८५४ मध्ये या प्रकाराची सुरुवात झाली, तिथे मात्र दुकानातून करवून घेतलेले शिक्केही सर्रास दिसतात.

माझं विचाराल तर कोराच. साधं पांढरं खोडरबर पुरतं. पेन्सिलीने काढलेलं चित्र त्यावर पालथं ठेवून नखाने घासा; रबरावर ते उलटं उमटतं, म्हणजे छापताना अक्षरं सुलटी येतात. कटरचं पातं रेषेपासून बाहेर तिरकं धरा. रेषेखालचं रबर पोखरलं गेलं तर बारीक रेघा लवकर तुटतात.