आईला ‘काही नाही’ म्हणू नका

‘ताई, मी ५४ वर्षांचा, खानापूर तालुक्यात राहतो. सध्या फ्रेंच लेखक द्यूमाची ‘थ्री मस्केटिअर्स’ ही कादंबरी मराठीत वाचतोय आणि तहानभूक विसरलोय. मुलगा म्हणतो, या वयात तलवारबाजीच्या गोष्टी कसल्या, काही उपयोगाचं वाचा. आईला आता दिसत नाही, सोप्यात शेंगा फोडत बसते, तीही मधेच ‘काय वाचालाईस रे?’ म्हणते. ‘काही नाही’ म्हणून मी पान उलटतो. हा नाद बालिश आहे का?’

नाही. मुलाचं मनावर घेऊ नका, तो विषय संपला.

मी अडकले तुमच्या आईपाशी. तिला तुम्ही दोन ओळींत उरकलंत. ती शेंग बोटांनी चाचपून फोडते, शेजारी भराभर पानं उलटतात, मुलगा मधेच हसतो, मधेच गप्प होतो. काहीतरी घडतंय हे तिला कळतं, म्हणून तर विचारते. आणि तुम्ही म्हणता ‘काही नाही’! मला राग आलाय तुमचा.

श्रावणात पोथी लागते तेव्हा एक वाचतो आणि सगळं घर ऐकतं. ही कादंबरीही एका बैठकीत संपवायला लिहिलेलीच नाही. १८४४ साली पॅरिसच्या ‘ल सिएक्ल’ या दैनिकात ती मार्चपासून जुलैपर्यंत क्रमशः येत होती. उद्याचा अंक लोकांनी घ्यावा म्हणून प्रकरणं ऐन रंगात तुटतात.

आज जेवणं झाली की आईजवळ बसा आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचा. फ्रेंच नावांना अडखळलात तरी चालेल. नायक डार्टान्यनच्या पिवळ्या घोड्याला लोक हसतात, ते सावकाश वाचा. बाप बजावतो, हा घोडा कधी विकू नकोस; पोरगं पॅरिसात पोचतं आणि विकून मोकळं होतं. यावर आईला पुष्कळ बोलायचं असेल. पुस्तक मांडीवर ठेवून ऐका.

पुढं गडी एकाच्या दुखऱ्या खांद्यावर आदळतो, दुसऱ्याच्या झग्यात गुरफटतो, तिसऱ्याचा नको तो रुमाल उचलून देतो, आणि एकाच दिवशी बारा, एक आणि दोन वाजता तीन द्वंद्वं अंगावर घेतो. तिथं पुस्तक मिटा. आई ‘मग?’ म्हणेल. ‘उद्या’ म्हणा.

पावसात लाईट गेली तर बॅटरी लावून वाचा, पण खाडा नको. आणि ती झोपल्यावर पुढची पानं चोरून वाचायची नाहीत.