बाख शाळेच्या आणि चर्चच्या नोकरीतच का अडकून पडला?

एवढा मोठा जर्मन संगीतकार असूनही योहान सेबास्टियान बाख जन्मभर चर्चचा ऑर्गनवादक आणि शाळेतला संगीत शिक्षक म्हणूनच का अडकून पडला, असे आपण विचारले आहे. ‘अडकून पडला’ हे शब्द मला खटकले, कारण एका शाळेत २२ वर्षे संगीत शिकवताना ते मी स्वतःविषयी पुष्कळदा ऐकले आहेत.

ऑर्गनवादक तो १७०३ पासून आर्नश्टाट, म्युलहाउझेन आणि वायमार येथे होता. १७१७ साली तो क्योथेनच्या दरबारी संगीतप्रमुख झाला. १७२३ पासून १७५० साली मृत्यू येईपर्यंत मात्र तो लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेचा कँटर होता. म्हणजे मुलांना गाणे शिकवायचे, शहरातील मुख्य चर्चमधील संगीत सांभाळायचे आणि पाळी आली की वसतिगृहावर देखरेखही करायची. लॅटिनचे तास टळावेत म्हणून त्याने पदरचे पैसे मोजून दुसऱ्या शिक्षकाला ते काम दिले, यात मला तरी काही गैर वाटत नाही.

ऑगस्ट १७३० मध्ये त्याने नगर परिषदेला दिलेल्या निवेदनात मुलांची वर्गवारी आहे: १७ कामाची, २० अजून तयार व्हायची आणि १७ निरुपयोगी. ही यादी वाचली तेव्हा मला आमच्या शाळेचे एक स्नेहसंमेलन आठवले. समूहगीतासाठी माझ्याकडे ४८ मुले पाठवली होती. त्यांत सुरात गाणारी जेमतेम १५ होती आणि काही जण केवळ कोणाची तरी नातवंडे म्हणून आलेले होते. मी अशाच तीन याद्या करून मुख्याध्यापकांपुढे ठेवल्या, तेव्हा त्यांनी त्या न वाचताच घडी करून परत दिल्या आणि सगळ्यांना रंगमंचावर उभे करण्यास सांगितले. गीत व्हायचे तसेच झाले. त्या रात्री जेवताना थोरले मेहुणे म्हणाले, “गळ्यात खरेच काही असते, तर शाळेत हजेऱ्या घेत बसला नसतास.”

त्यांना तेव्हा द्यायला हवे होते ते उत्तर मला पुढे सापडले. १७२४ च्या गुड फ्रायडेला लाइपझिगच्या सेंट निकोलस चर्चमध्ये बाखचे संत योहान पॅशन, म्हणजे येशूच्या यातना व मृत्यूची गायनातून सांगितलेली कथा, प्रथम सादर झाले, तेव्हा त्यातील समूहगायनाची भिस्त सेंट थॉमस शाळेतील मुलांवरच होती. अशी मुले तयार करणे हेदेखील संगीतच आहे आणि ज्यांनी कधी कोणाचा ‘सा’ लावून घेतलेला नाही त्यांनी याविषयी बोलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्थात बाख तेथे समाधानी होता, असे मी म्हणणार नाही. १७३० सालीच त्याने एका जुन्या मित्राला लिहिले, की मिळकत सुमारे ७०० थॅलर (तेव्हाचे जर्मन चांदीचे नाणे) आहे. पण हवा निरोगी असली की अंत्ययात्रा घटतात आणि त्यांच्या गायनाचे पैसेही बुडतात. त्याच पत्रात त्याने मित्राला दुसरीकडे जागा पाहण्याची विनंती केली आहे. ते पत्र मी मेहुण्यांना अद्याप दाखवलेले नाही.