अक्षरं दिसतात, कडेची रिक्षा दिसत नाही

प्रश्न : माझे मिस्टर ५४ वर्षांचे. बरेच दिवस सारखी तहान, रात्री चार-पाचदा लघवी, गुडघ्यांजवळ हाडं दुखतात. शुगर नॉर्मल. आता गाडीवर कडेची रिक्षा दिसत नाही, पण डोळ्यांच्या तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचतात. एमआरआयमध्ये पिट्युटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या) देठाला सूज आहे, हाडाच्या बायोप्सीत ‘एर्डहाइम-चेस्टर’ हा दुर्मिळ आजार आला. बीआरएएफ (जनुकातल्या बदलाची चाचणी) निगेटिव्ह. फील्ड टेस्ट (कडेची नजर मोजणारी) दर वेळी वेगळी येते, मग करायची कशाला? गेलेली नजर परत येईल?
– एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : तक्त्यावर फक्त मधली नजर कळते. या आजारात हिस्टिओसाइट नावाच्या प्रतिकारक पेशी जागोजागी साठतात. पिट्युटरीच्या वरच दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. तिथे दाब आला की दोन्ही डोळ्यांची बाहेरची, कानाकडची बाजू जाते. तहान-लघवीचं मूळही त्या देठातच. गाठ डोळ्याच्या मागे असेल तर मात्र तो डोळा बिघडतो, पुढे येतो, लाल रंग फिका दिसतो.

फील्ड टेस्ट सोडू नका. पहिला चार्ट बहुतेकांचा सरावातच जातो. जवळच्या नंबरची काच लावली आहे ना, दुसरा डोळा नीट झाकला आहे ना, हे बघा. नजर मधल्या दिव्यावरच ठेवायची, कडेचा दिवा शोधायला जायचं नाही. थकवा आला तर बटण दाबून धरा, मशीन थांबतं. चार्टवर ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ (दिवा नसताना दाबलेलं बटण) १५ टक्क्यांच्या वर असेल तर तो बाजूला ठेवा. वरचाच पट्टा काळा आला तर पापणी खाली आली असेल, चिकटपट्टीने उचलून पुन्हा करा. गोल कडेने काळं आलं तर तो बहुधा काचेच्या फ्रेमचा दोष. दाबामुळे गेलेला भाग मधल्या उभ्या रेषेशी थांबतो, आणि दोन्ही डोळ्यांत. चार्ट जपून ठेवा आणि पुढचे त्याच मशीनवर, त्याच प्रोग्रॅमवर काढा.

नजर परत येण्याचा अंदाज ओसीटीवरून (डोळ्याच्या पडद्याच्या स्कॅनवरून) येतो. नसेचा थर अजून जाड असेल तर दाब कमी झाल्यावर काही महिन्यांत बरीच सुधारणा होऊ शकते. थर वाळला असेल तर आशा कमी.

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं, आमच्या मते, बीआरएएफचं ते ‘निगेटिव्ह’. हाडाचा तुकडा कापण्याआधी आम्लात मऊ करतात, त्यात डीएनए खराब होतो आणि बदल असूनही सापडत नाही. लॅबमधून पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) मागून घ्या, आणि दुसऱ्या जागेचा तुकडा किंवा रक्तातली चाचणी शक्य आहे का, ते विचारा. पॉझिटिव्ह आल्यास वेमुराफेनिब (अमेरिकेत २०१७पासून मान्य), नाहीतर कोबिमेटिनिब (२०२२) या औषधांचे पर्याय. पेट-सीटी (शरीरभर आजार शोधणारा स्कॅन) डोक्यापासून पावलांपर्यंतच करा; नेहमीसारखी मांडीपर्यंत केली तर गुडघे सुटतात.

औषध चालू असताना अचानक धूसर दिसलं तर आजार वाढला असं धरू नका. कोबिमेटिनिबने पडद्याखाली पाणी साचू शकतं, वेमुराफेनिबने डोळ्याच्या आत सूज येऊ शकते. त्याच दिवशी रेटिना तज्ज्ञांना दाखवा. वेमुराफेनिब घेताना उन्हात पूर्ण बाह्या, टोपी.

आणि दुचाकी आजपासून बंद.