अपडेटनंतर मंदावलेला संगणक आणि ग्राहकाचा हक्क

प्रश्न : मी नागपूरला महाल भागात घरूनच मराठी टायपिंगची आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याची कामे करते. सात महिन्यांपूर्वी सीताबर्डीतील एका दुकानातून ४२,००० रुपयांना संगणक घेतला. मे महिन्यात एका रात्री विंडोज आपोआप अपडेट झाले आणि तेव्हापासून तो सुरू व्हायलाच पंधरा मिनिटे लागतात. प्रवेशाच्या दिवसांतली कामे हातची गेली. दुकानदार म्हणतो, ‘सॉफ्टवेअर वॉरंटीत येत नाही, फॉरमॅट मारून देतो.’ मला भरपाई मागता येईल का?

उत्तर : भरपाई मागता येते, परंतु दुकानदाराला तूर्त फॉरमॅट करू देऊ नये. कोणते अपडेट कोणत्या तारखेला इन्स्टॉल झाले, कोणते फसले आणि यंत्र केव्हा अडकले, याची नोंद विंडोज स्वतःच ठेवते. फॉरमॅट केल्यास ती पुसली जाईल आणि आपल्या दाव्याचा मुख्य आधारच जाईल.

समोरून पहिला आक्षेप येईल तो असा की, यंत्र धंद्यासाठी घेतले असल्याने आपण ग्राहकच नाही. त्याने खचून जाऊ नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) मधील स्पष्टीकरणानुसार, केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू ‘व्यावसायिक प्रयोजना’त मोडत नाही. जुन्या कायद्यातील अशाच स्पष्टीकरणाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात, टाइपरायटर घेऊन त्यावर स्वतः दुसऱ्यांचे टायपिंग करणाऱ्याचेच उदाहरण दिले होते आणि तो ग्राहकच राहतो, असे म्हटले होते. म्हणून हे यंत्र आपण स्वतः चालवता आणि त्यावर आपली उपजीविका आहे, हे तक्रारीत स्पष्ट लिहावे.

माझ्या मते, खरी कसोटी मंदपणाचे कारण सिद्ध करण्याची आहे. अपडेटनंतर काही तास पडद्यामागे चाललेल्या कामांमुळे यंत्र रेंगाळणे स्वाभाविक असते आणि तेवढ्यावरून दोष ठरत नाही. आपला मंदपणा मात्र टिकून आहे. म्हणून ‘अपडेट हिस्टरी’चे आणि टास्क मॅनेजरमधील (यंत्राचा कोणता भाग किती वापरात आहे ते दाखवणाऱ्या विंडोजच्या सोयीतील) डिस्क व मेमरीच्या टक्केवारीचे फोटो काढावेत, तसेच यंत्र सुरू होतानाचे चित्रीकरण शेजारी घड्याळ ठेवून करावे. हे सकाळच्या गारव्यातही करावे, कारण नागपूरच्या मे महिन्यातील उष्णतेने प्रोसेसर आपला वेग कमी करतो, असा बचाव घेतला जाऊ शकतो. त्यानंतर डेटाची प्रत घेऊन, जाणकार तंत्रज्ञाकडून तेवढे एकच अपडेट काढून पाहावे आणि जे आढळेल ते त्याच्याकडून लेखी घ्यावे.

अपडेट काढूनही यंत्र मंदच राहिले आणि हार्ड डिस्क किंवा रॅममध्ये बिघाड निघाला, तर तो सरळ वॉरंटीतला दोष आहे आणि दुकानदार व उत्पादक दोघांनाही जबाबदार धरता येईल. यंत्र पूर्ववत झाले, तर वाट अधिक कठीण आहे. विंडोज वापरताना मान्य केलेल्या अटींमध्ये अपडेटची परवानगी दिलेली असते. त्यामुळे विनापरवानगी हस्तक्षेपाविषयीचे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ येथे लागू करणे अवघड आहे. तरीही वाट बंद नाही. कॅलिफोर्नियातील एका प्रवास व्यावसायिक महिलेचा संगणक विंडोज १० आपोआप आल्याने मंदावला, तेव्हा न्यायालयाने तिला १०,००० डॉलर मंजूर केले आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने अपील मागे घेऊन ते दिले. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही. पण त्या मार्गाने जायचे असेल, तर सॉफ्टवेअर कंपनीलाही पक्षकार करावे.

दुकानदार आणि उत्पादक यांना स्पीड पोस्टने पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. दाद न मिळाल्यास नागपूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रार शुल्क नाही, मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत पाळावी लागते. बुडालेल्या उत्पन्नाची मागणी अंदाजाने करू नये. कामांची वही आणि परत गेलेल्या ग्राहकांचे संदेश जोडावेत. फोटो व चित्रीकरणासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र द्यावे.

यंत्र दुकानात ठेवावेच लागले, तर पावतीवर ‘लेखी संमतीशिवाय फॉरमॅट करू नये’ असे लिहून त्यावर दुकानदाराची सही व शिक्का घ्यावा.